प्राध्यापकाचा कच्चा खर्डा कोण वाचतो?

निवृत्तीनंतर घर आवरताना प्रमाणपत्रांची एक जाडजूड फाईल हाती लागली. चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग, तीन उजळणी वर्ग, ‘संशोधन पद्धती’ या एकाच नावाच्या सात कार्यशाळा, आणि चर्चासत्रांची इतकी प्रमाणपत्रे की मोजायचा कंटाळा आला. कोरोनाकाळातल्या वेबिनारची ई-प्रमाणपत्रे वेगळीच. ती अजून मेलमध्ये पडून आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी २९ वर्षे अर्थशास्त्र शिकवले. शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी व्यवस्थेने माझ्यावर जो काही खर्च केला, त्याचा हिशेब या फाईलीत आहे. ती चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. एवढ्या वर्षांत माझे एकही पान छापून येण्याआधी कुणी माझ्यासमोर बसून वाचले नव्हते.

हे माझ्या एकट्याचे रडगाणे असते तर इथे लिहिले नसते. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या कुठल्याही महाविद्यालयात जा, स्टाफरूममध्ये बसा आणि विचारा, “सर, तुमचा शेवटचा शोधनिबंध पाठवण्याआधी कोणी वाचला होता?” उत्तर ठरलेले आहे. टायपिंग करणाऱ्याने.

आपल्याकडे शिक्षकांच्या प्रशिक्षणाची योजना नाही, असे कुणी म्हणू शकणार नाही. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. पुढे त्यांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले. ५ सप्टेंबर २०२३पासून मालवीय मिशन आले. माझ्या उमेदीच्या काळात आम्हाला जवळचे केंद्र म्हणजे नागपूर. तिकडे जायचे, महिनाभर वसतिगृहात राहायचे, सकाळी दहा ते पाच व्याख्याने ऐकायची, मधे चहा, शेवटी अभिप्रायाचा फॉर्म. या वर्गांचा काहीच उपयोग झाला नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. विदर्भभरचे मित्र मला तिथेच मिळाले, मोठे ग्रंथालय तिथेच पाहिले. पण तिथे संशोधनाविषयी बोलणारे होते, माझे संशोधन वाचणारे कुणी नव्हते. पोहण्यावर सात व्याख्याने ऐकून वैनगंगेत उतरलेल्या माणसासारखी आमची गत.

मग २०१० साली आयोगाच्या नियमावलीने एपीआय नावाचे गुण आणले. शोधनिबंधाला इतके गुण, पुस्तकाला इतके, चर्चासत्रात वाचलात तर इतके. पदोन्नती या बेरजेवर. लिहिण्याची सक्ती आली, लिहायला शिकवणारे कुणी आले नाही. या दोन्हींच्या मधल्या पोकळीत जे दुकान उघडायचे ते उघडले. पैसे भरा, निबंध पाठवा, आठवड्यात छापून मिळेल.

मीही त्या दुकानात गेलो आहे. २०१३ साली तेंदूपत्ता मजुरांच्या हंगामी कमाईवर एक निबंध लिहिला. चार उन्हाळे फळीवर जाऊन, मजुरांकडून पुडके मोजून घेणारा मुन्शी आणि मजूर दोघांशी बोलून आकडे जमवले होते. इंग्रजी माझे मराठी माध्यमातून शिकलेले, त्यामुळे भीत भीत लिहिले आणि अडीच हजार रुपये भरून एका नियतकालिकाला पाठवले. चौथ्या दिवशी स्वीकृतीचे पत्र. छापील अंक आला तेव्हा पाहिले तर ‘तेंदू’ या शब्दाच्या जागी सगळीकडे ‘टेंडर’ झाले होते. संगणकाने आपली हुशारी दाखवली होती. तेंदूचा लिलाव टेंडरनेच होतो, त्यामुळे एखाद्याला ते बरोबरही वाटले असेल. पण संपादकाने पाहिले नाही, तथाकथित तज्ज्ञ समीक्षकाने पाहिले नाही आणि ज्या समितीने मला त्या निबंधाचे गुण दिले तिनेही पाहिले नाही. मला गुण मिळाले. आजही त्या निबंधाची आठवण झाली की कान गरम होतात.

अशा नियतकालिकांचा आकार किती मोठा होता, ते नंतर बाहेर आले. पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आयोगाच्याच मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली १००९ नियतकालिके त्यांनी तपासली. त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने यादीतून ४३०५ नियतकालिके एका फटक्यात काढून टाकली. २०१९मध्ये ‘केअर’ नावाची नवी यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तीही बंद केली. आता नियतकालिक चांगले की वाईट, ते संस्थांनी आणि शिक्षकांनी आपले आपण ठरवायचे आहे. निर्णय वाईट नाही. पण ज्या शिक्षकाने आयुष्यात एकदाही प्रामाणिक समीक्षा अनुभवलेली नाही, त्याने ती ओळखायची कशी?

या सगळ्यात नुकसान कुणाचे होते? माझे झाले ते किरकोळ. खरे नुकसान काय असते ते मला एका तरुण सहकारी मॅडममुळे कळले. त्या भूगोल शिकवतात, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घेतले तितकेच पैसे, सुट्टीचे काही नाही, पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. त्यांनी पाच-सहा वर्षे एसटीने आणि कधी भावाच्या मोटारसायकलवर फिरून १४ माजी मालगुजारी तलावांची माहिती गोळा केली आहे. ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो तेच. गोंडकाळापासून धानाची शेती ज्या तलावांवर उभी राहिली, त्या तलावांची पाळ कुणी बांधली, पाण्याच्या पाळ्या कशा ठरत, कोणत्या भागात मासे अंडी घालतात म्हणून तिथला गाळ काढायचा नाही, बेशरमाची झुडपे कधीपासून पसरली, ढीवर बायका कोणत्या पाणवनस्पतीला काय म्हणतात. वहीच्या वही भरल्या आहेत. काही नोंदी अशा माणसांच्या आहेत, जी आता हयात नाहीत.

मागच्या वर्षी त्यांनी मला त्यांचा छापील निबंध आणून दिला. इंग्रजीत, चार पाने. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, निष्कर्ष. निष्कर्षात लिहिले होते की तलाव महत्त्वाचे आहेत आणि लोकांमध्ये जागृती करण्याची गरज आहे. माशांच्या अंड्यांचे नाही, पाळ्यांचे नाही, बायकांचे तर नाहीच नाही. मी म्हटले, “मॅडम, वहीतले काहीच आले नाही यात.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, हा मी लिहिलाच नाही. फॉर्म भरावा तसा भरला. वहीतलं कुठे घालायचं ते कुणी सांगितलंच नाही.”

राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’सारख्या योजनांतून तलावांचा गाळ निघतो. जेसीबी तलावात उतरण्याआधी त्या वह्या कुणी वाचल्या असत्या, तर कुठे खणायचे आणि कुठे नाही हे कळले असते. वह्या आहेत, जेसीबी आहे. मधला लेख नाही. म्हणून शिक्षकाच्या लेखनाचा प्रश्न मला पदोन्नतीचा किंवा गुणांचा वाटत नाही. तो त्या गावाच्या पाण्याचा आहे.

मला या प्रश्नाची वाट माझ्या घरातच सापडली. माझे अब्बा बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये कारकून होते. (गडचिरोलीचा बांबू अनेक दशके तिथे कागद होण्यासाठी जात राहिला. त्या कागदावर गडचिरोलीविषयी गडचिरोलीच्या माणसाने किती लिहिले, हा वेगळ्या लेखाचा विषय.) अब्बांना शायरीचा नाद. फार मोठे शायर नव्हते, मोहल्ल्याच्या मुशायऱ्यापुरते. पण त्यांची एकही गझल इस्लाह झाल्याशिवाय मुशायऱ्यात जात नसे. इस्लाह म्हणजे दुरुस्ती. शागिर्दाने लिहायचे, उस्तादाने वाचून कुठे वजन चुकले, कुठे शब्द पोकळ आहे ते दाखवायचे. अब्बांचे उस्ताद कामठीला राहत. अब्बा आंतरदेशीय पत्रात गझल लिहून पाठवत, सोबत जवाबी कार्ड. दोन-तीन आठवड्यांनी कार्ड परत येई, बारीक लाल अक्षरांनी भरलेले. कधी एका ओळीपुढे नुसते प्रश्नचिन्ह. त्या प्रश्नचिन्हावर अब्बा दोन-दोन दिवस अस्वस्थ असत. अम्मी म्हणायची, “आज फिर कार्ड आया क्या?”

मॅट्रिक झालेल्या कारकुनाला जे मिळत होते, ते पीएच.डी. झालेल्या त्याच्या मुलाला २९ वर्षांत मिळाले नाही.

ही पद्धत काही आमच्या घरची नव्हे. गालिब दिल्लीत बसून सिकंदराबादच्या मुन्शी हरगोपाल तफ्तांच्या कवितेवर डाकेने इस्लाह करत. त्यांची पत्रे प्रसिद्ध आहेत आणि वाचण्यासारखी आहेत. लाहोरचा तरुण इक्बाल हैदराबादला असलेल्या दाग देहलवींना गझला पाठवत असे. अंतर हे तेव्हाही कारण नव्हते. आज सिरोंच्यातला शिक्षक मला सांगतो की गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर, कुणाकडे जाणार? पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा तर रस्ताच बंद होतो. खरे आहे. पण खर्ड्याची पाने व्हॉट्सॲपवर जातात. रेंज आली की जातात. कार्डापेक्षा तरी लवकरच.

पश्चिमेकडे याचा रीतसर अभ्यास झालेला आहे. रॉबर्ट बॉइस नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी नव्या प्राध्यापकांचे तीन गट केले. पहिला गट आपल्या सवयीने, सवड मिळेल तसा लिहीत राहिला. दुसऱ्याने रोज थोडा वेळ लिहायचे ठरवले. तिसऱ्या गटाने रोज लिहिले आणि कुणाला तरी नियमित हिशेब दिला. वर्षाअखेर पहिल्या गटाची सरासरी १७ पाने झाली, दुसऱ्याची ६४, तिसऱ्याची १५७. गट लहान होते, त्यामुळे या आकड्यांना वेदवाक्य मानायचे कारण नाही, आणि रोज न लिहिताही उत्तम लिहिणारे लोक आहेत. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातला फरक पाहा. तो फरक वेळेचा नाही. कुणीतरी वाट पाहत आहे, एवढाच आहे.

कुणी म्हणेल, जंगल जिल्ह्यातून जागतिक दर्जाचे संशोधन झालेच की. झाले आहे. राणी बंग आणि अभय बंग यांचा गडचिरोलीच्या खेड्यांतल्या स्त्रियांच्या आजारांवरचा निबंध १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याच्या प्रयोगावरचा १९९९ साली तिथेच आला, आणि आरोग्यदूतांची ती पद्धत पुढे देशभर गेली. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण १९८६मध्ये ‘सर्च’ उभी करण्याआधी ते दोघे अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्य शिकून आले होते. माहिती कशी मांडायची, टीका कशी झेलायची, हे त्यांनी चांगल्या शिक्षकांकडून शिकून घेतले. हुशारी तर अहेरीच्या प्राध्यापकाकडेही असते. राणीताईंनी आदिवासी बायकांचे झाडांशी असलेले नाते मराठीत ‘गोईण’मध्ये लिहून ठेवले, हेही लक्षात ठेवावे. सगळे मोलाचे ज्ञान इंग्रजीतच मांडायला हवे असे नाही.

मराठीत लिहिणाऱ्या जिल्ह्याच्या प्राध्यापकाचे उदाहरण मला आणखी जवळचे आहे. फक्रुद्दीन बेन्नूर सर सोलापूरच्या संगमेश्वर महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत. कुठले मोठे केंद्रीय विद्यापीठ नाही, परदेशी फेलोशिप नाही. पण सोलापुरात वाद घालणारे, हस्तलिखित हातात घेऊन “हे पटत नाही” म्हणणारे मित्र होते. १९९०चे पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरातच भरले, ते उगाच नव्हे.

मग आमच्या दोन जिल्ह्यांत असे काही उभे राहू शकते का? नमुना बाहेरून आणायची गरज नाही. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना मेंढा (लेखा) लागते. सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारे गाव म्हणून त्याचे नाव सगळ्यांना माहीत असते. पण त्या गावाचा अभ्यासगट फार कमी लोक समजून घेतात. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी वर्षानुवर्षे एकत्र बसून एखादा विषय चघळत. कायदा आणायचा, वाचायचा, शंका काढायच्या. अभ्यासगटात निर्णय होत नाही, निर्णय ग्रामसभेचा आणि तोही सर्वसहमतीने. अभ्यासगटात फक्त समजून घ्यायचे. तिथे कुणी प्रमुख पाहुणा नसतो. ज्या गावात अनेकांचे शिक्षण प्राथमिक शाळेपुढे गेले नव्हते, त्या गावाने वनहक्क कायद्याचे कलम न् कलम पचवले. आणि त्याच जिल्ह्यातले आम्ही डॉक्टरेट मिळवलेले लोक एकमेकांचे एक पान वाचत नाही.

याचे एक कारण लाज आहे, हे कबूल केले पाहिजे. कच्चा खर्डा दाखवणे म्हणजे आपली चूक उघडी करणे. आमच्या महाविद्यालयीन जगात सर हे सर असतात, त्यांना चुकायची मुभा नसते. शिवाय दाखवलेला मजकूर कुणी आपल्या नावावर छापेल ही भीतीही खोटी नाही. अशा घटना मी पाहिल्या आहेत.

म्हणून माझे मागणे फार लहान आहे. गोंडवाना विद्यापीठ २७ सप्टेंबर २०११ रोजी नागपूरपासून वेगळे झाले, ते याच दोन जिल्ह्यांसाठी. त्याने दर तालुक्याला पाच-सहा शिक्षकांचा एक वाचनगट मानावा. महिन्यातून दोनदा दोन तास. तीन पानांपेक्षा जास्त कुणी आणायचे नाही. उद्घाटन नाही, शाल-श्रीफळ नाही, सूत्रसंचालन नाही, बॅनर तर अजिबात नाही. या तासांची नोंद कार्यभारात व्हावी आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला त्याचे मानधन मिळावे. ही शेवटची अट मी सोडणार नाही. आज पुष्कळ महाविद्यालयांत शिकवण्याचा मोठा भार तेच वाहतात आणि प्रशिक्षणाच्या योजना मात्र कायम शिक्षकाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असतात. त्यांना रजा घेऊन वर्गाला जायचे तर त्या दिवसांचे पैसे बुडतात. तलावांच्या वह्या असलेल्या मॅडमना एकाही उजळणी वर्गाला जाता आलेले नाही.

विद्यापीठाने आणखी एक करावे. चांगले मराठी आणि चांगले इंग्रजी जाणणारे दोन संपादक नेमावेत. छापणारे नकोत, खर्डा वाचणारे हवेत. एखाद्या सभागृहाच्या रंगरंगोटीच्या खर्चात ते बसेल. आणि मराठी निबंधाला इंग्रजीच्या बरोबरीने तोलावे. ‘भाषा आणि जीवन’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘नवभारत’ यांच्यासारख्या नियतकालिकांनी दाखवून दिले आहे की मराठीत गंभीर लिहिता येते आणि तपासून छापताही येते.

प्रत्येक प्राध्यापकाने लिहिलेच पाहिजे, असे मात्र मी म्हणत नाही. धानोऱ्याच्या किंवा एटापल्लीच्या वर्गात घरी गोंडी किंवा माडिया बोलणारी मुले, मुलचेऱ्यात बंगाली, सिरोंच्यात तेलुगू. त्यांना मराठी पाठ्यपुस्तकातले अर्थशास्त्र समजावणे हेच एक मोठे काम आहे. ते नीट करणाऱ्याच्या मागे शोधनिबंधांचा ससेमिरा लावणे अन्यायाचे आहे, आणि त्या अन्यायातूनच ही दुकाने चालली. ज्याला लिहायचे आहे त्याला वाचक द्या, एवढेच.

आता काही तरुण मित्र म्हणतात, सर, चॅटजीपीटी आहे ना, वाचक कशाला? मी त्याच्या विरोधात नाही. माझ्या काळी ते असते तर तेंदूचे टेंडर कदाचित टळले असते. पण अलीकडे एका मित्राने मला वाचायला दिलेल्या निबंधात पाच संदर्भ असे होते, जे जगात कुठेच सापडले नाहीत. भाषा गुळगुळीत, व्याकरण निर्दोष. मी विचारले, “यातलं तुमचं काय?” त्याला राग आला. आठ दिवसांनी फोन आला तेव्हा तो मूल तालुक्यातल्या वाघाच्या हल्ल्यात नवरा गमावलेल्या बायकांविषयी सलग अर्धा तास बोलला. त्यातले एक वाक्यही निबंधात नव्हते. आता तो ते लिहितो आहे, मराठीत.

विद्यापीठाची वाट पाहत बसायला माझ्याकडे फार वर्षे नाहीत. गेल्या दिवाळीपासून आम्ही पाच जण दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी माझ्या ओसरीवर बसतो. एक अर्थशास्त्राचा, दोन मराठीच्या, एक प्राणिशास्त्राचा आणि भूगोलाच्या मॅडम. भामरागडकडचा एक जण फोनवर. पहिल्या दोन बैठका नुसत्या कौतुकात गेल्या, कारण कुणाला वाईट बोलवेना. तिसऱ्या बैठकीत मी माझाच ‘टेंडर’वाला निबंध वाचायला ठेवला. लोक पोट धरून हसले आणि मग लाल पेन बाहेर निघाले.

मॅडमचा तलावांवरचा लेख आता चौथ्या खर्ड्यावर आहे. सुरुवात ढीवर बायकांपासून होते. पाण्याच्या पाळ्यांचा भाग अजून गुंतागुंतीचा आहे, प्राणिशास्त्रवाल्या सरांनी माशांच्या दोन नावांपुढे प्रश्नचिन्हे काढली आहेत, आणि ती नावे तपासायला त्या येत्या शनिवारी पुन्हा तलावावर जाणार आहेत.